खंडेनवमी आणि फ्रेंच झगे

ये गं, खुर्ची जवळ ओढ. आणि काय गं, मघाशी मैत्रिणीला फोनवर काय सांगत होतीस? म्हणे ह्या फ्रेंच बाईचे कपडे थेट पॅरिसात जन्मले! अगं, काकूला विचारायचंस तरी. ते जन्मले इथे, साउथहॅम्प्टनला, माझ्या मागच्या खोलीत.

ती आमची शेजारीण. नवरा बंदरात नोकरीला, म्हणून ही पॅरिसमधली शिवणाची नोकरी सोडून त्याच्यामागे आलेली. बायकांसाठी स्वतःच्या नावाचे कपडे काढायचे, एवढं एकच डोक्यात. घर त्यांचं एवढंसं, म्हणून तिचं मशीन आमच्याकडे आलं. मी आपली ब्लाउज-परकर शिवून शिकलेली. तिला काजं-बटणं करून द्यायचे.

लंडनच्या एका दुकानाच्या मालकीणबाई झगे बघायला यायच्या होत्या. त्या नाही म्हणाल्या तर ही जुन्या नोकरीवर परत जाणार, आईला तसा शब्दच दिलेला. आणि नेमकी आदल्या दिवशी खंडेनवमी!

आमचे हे हाडांचे डॉक्टर. रात्रपाळी करून सकाळी हॉस्पिटलातून आले, आंघोळ केली आणि हत्यारं पुजायला निघाले. माझी कात्री, विळी, ह्यांचा ड्रिल आणि तिचं मशीन.

"आज चालवायचं नाही हं," हे तिला म्हणाले.

"अहो, उद्या त्या येणार!"

"म्हणूनच तर हळद जरा जास्त घातलीय."

मग काय, दोघी दिवसभर हाताने टाके घालत बसलो. दुसऱ्या दिवशी सकाळी उरलेली शिवण मारायला ती मशीनवर बसली, आणि क्रीम रंगाचा लांब झगा खालून पिवळाधमक! साबण लावला तर पिवळ्याचं लाल झालं. ती रडायलाच लागली.

"मी बघू का डाग?" हे दारातून.

"तुम्ही हाडं बघा!" मी म्हटलं.

तिने डोळे पुसले, कात्री घेतली आणि झगा गुडघ्याखाली सरळ कापून टाकला. "काकू, टाका घाला. हातानेच."

बाई आल्या. लांब झगे उलटसुलट करून पाहिले. "असे माझ्याकडे आहेत." झालं, हिचा चेहरा उतरला. मग त्यांनी तो आखूड झगा उचलला, आत जाऊन घालून आल्या, खोलीत इकडून तिकडे चालल्या.

"ह्यात मला धावत बस पकडता येईल," म्हणाल्या. "ह्या लांबीचे आणखी द्याल?"

तिने माझा हात असा दाबला, की अंगठी रुतली. बाई गेल्या तसे हे पुढे आले, "बघ, पूजेचं फळ!"

"फळ कात्रीचं," ती म्हणाली.

"कात्रीही मीच पुजली होती!"

हिवाळाभर आम्ही त्याच लांबीचे झगे शिवले. पुढे तिला फ्रान्सला, तिच्या माहेरच्या गावी मोठी जागा मिळाली, मशीन गेलं, कापडाचे गठ्ठे गेले. आता हाताखाली बायका आहेत, पाटीवर तिचं नाव आहे. छान वाटतं गं. फक्त ती खोली फार मोकळी झाली. तिथे पलंग टाकलाय, दुपारी ऊन येतं. शुक्रवारी रीडिंग शहरातल्या ऑफिसातून सुटलीस की घरी न जाता थेट इकडेच ये. पुढच्याच आठवड्यात ये.