चर्चच्या दारातल्या चपला

आमच्या ज्येष्ठ नागरिक संघाची बस पनवेलहून जुन्या गोव्याला निघाली तेव्हा मी पहिल्या सीटवर होते आणि ते शेवटच्या. तसं ठरलंच होतं. ते म्हणजे करंजाड्याला मुलाकडे राहणारे, बंदरातल्या नोकरीतून रिटायर झालेले एक गृहस्थ. त्यांची बायको गेलेली, माझा नवरा गेलेला. रोज सकाळी वडाळे तलावावर आम्ही बाकाखाली चपला काढून हिरवळीवर अनवाणी चालायचो, आणि तिथेच त्यांनी मला लग्नाचं विचारलं होतं. बासष्टाव्या वर्षी! मी म्हटलं, "सहलीत सांगते. पण बसमध्ये ओळख दाखवायची नाही हं. आपल्या बायकांना नुसता वास लागला तरी खैर नाही."

त्यांनी मान डोलावली, आणि ती अट इतकी इमानदारीत पाळली की सावंतवाडीपर्यंत मलाच राग यायला लागला. चहाला उतरलो तर हा माणूस माझ्याकडे पाठ करून भजी खातोय.

पहिल्या चर्चच्या दारात आम्ही सगळ्यांनी सवयीने चपला काढल्या. बाकीचे लोक बुटांसकट आत-बाहेर करत होते, पण देवाच्या दारात पायताण घालून कोण जाणार, बाई! आत निम्म्या जणी घंटा शोधत होत्या, उरलेल्यांनी प्रदक्षिणा सुरू केली. माझ्या शेजारच्या सीटवरच्या उरणच्या ताईचं आयुष्य मासळी विकण्यात गेलेलं, आवाज एकदम खणखणीत. ती छताकडे बघत म्हणाली, "देव मोठा हाय, पन परसाद नाय का यांच्यात?" तो आवाज छताला लागून परत आला तशी मी तोंडात पदर कोंबून बाहेर पळाले.

मग म्युझियम. वरच्या मजल्यावर पोर्तुगीज गव्हर्नरांची चित्रं ओळीने लावलेली. सगळ्यांच्या मिशा वर आणि तोंडं आंबट. एक तर हुबेहूब आमच्या संघाच्या अध्यक्षांसारखा! मी एकटीच खुदुखुदू हसत होते, तेवढ्यात मागून आवाज आला, "काय ठरलं मग?"

मी मागे वळलेसुद्धा नाही. "इथे नको. सगळे बघतायत."

"कोण, हे?" त्यांनी गव्हर्नरांकडे बोट दाखवलं.

मला हसू फुटणार होतं, पण जिन्यावरून बायकांचा घोळका वर येत होता. त्यांना बघून ते चटकन चार चित्रं पुढे सरकले. माझं डोकंच फिरलं. लपवायचं मीच ठरवलेलं, तरीही! मी तिथे गेले आणि दातओठ खात म्हटलं, "चारचौघांत माझ्या शेजारी उभं राहायची हिंमत आहे का? नसेल तर पुन्हा विचारू नका." ते एका मिशावाल्या गव्हर्नरासमोर तसेच खाली मान घालून उभे राहिले, आणि मला वाटलं, संपलं. जीव एवढासा झाला माझा.

दुसऱ्या चर्चमध्ये पुन्हा दारात चपलांचा ढीग. पण दर्शन झाल्यावर रखवालदाराने सगळ्यांना बाजूच्या दाराने बाहेर काढलं. आत परत सोडेना. चपला राहिल्या पुढच्या दारात, आणि आम्ही भर दुपारी तापलेल्या जांभ्या दगडाच्या अंगणात! नुसता गोंधळ. पदर सावरत, "आई गं, आई गं" करत आम्ही सगळ्या भिंतीच्या सावलीत चिकटून उभ्या राहिलो. कोणी पुढे जायला तयार नाही.

तर भिंतीच्या वळणावरून ते आले. अनवाणी. एक पाय उचल, दुसरा टेक, असे उड्या मारत. आणि दोन्ही हातांत माझ्या चपला. त्या तुटक्या पट्ट्याला लावलेल्या सेफ्टी पिनेसकट. घाईत स्वतःच्या तिथेच विसरले होते.

सगळ्यांच्या देखत खाली वाकून त्यांनी चपला माझ्या पायांशी ठेवल्या. अध्यक्षांचं तोंड उघडंच राहिलं.

"आवो," उरणची ताई ओरडली, "एवड्या ढिगात तुमाला यांच्याच चपला बऱ्या गावल्या?"

ते घामाने निथळत होते, तरी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "रोज सकाळी तलावावर यांच्या चपलांशेजारीच मी माझ्या काढतो. न ओळखायला काय झालं?" आणि माझ्या शेजारी येऊन उभे राहिले. उन्हातच, कारण सावलीत जागा उरली नव्हती.

बायकांनी असा काही गलका केला की रखवालदार धावत आला. माझे कान तापले होते, डोळ्यांत पाणी होतं आणि हसू तर थांबतच नव्हतं. मी चपलांत पाय घातले आणि पुढच्या दाराकडे गेले. ढिगात त्यांच्या तपकिरी सँडल मलाही लगेच सापडल्या. त्या हातात घेतल्या. परत यायला झाडांआडून, कोणाच्या नजरेत न येणारी वाटही होती. मी मुद्दाम सगळ्यांच्या समोरून आले.