ओरडायचं काम

दार उघडून बाहेर आले की ते आधी दोन्ही मनगटं समोरच्यापुढे धरायचे आणि म्हणायचे, “बघा, हाय की मी.” समोरचा माणूस खुर्चीत सैल पडायचा. कुणी हसायचं. एका बाईंनी तर रागाने त्यांना ढकललं होतं.

ते मूळचे वडूजचे. आमच्या दैनिकाच्या सांगली कचेरीत पेपरची पार्सलं एस.टी.वर टाकायचे आणि जत्रांच्या हंगामात गावोगावच्या नाटकांत काम करायचे. भूमिका बहुधा मरणाऱ्याची. मरायला कुणी तयार नसतं, सगळ्यांना तलवार पाहिजे असते, असं ते सांगायचे. नव्वदच्या दशकात एका कॉलेजातल्या मानसशास्त्राच्या प्राध्यापकांनी त्यांना हेरलं ते या मरण्यामुळेच.

वरच्याने सांगितलं की आपण किती मुकाट करतो, हे तुम्हाला-मला नवीन नाही. सरांना ते तपासून पाहायचं होतं. परदेशात असा प्रयोग पूर्वी झाला होता. आलेल्या माणसाने भिंतीपलीकडच्या, मनगटांना तारा बांधल्यात असं सांगितलेल्या ‘विद्यार्थ्याला’ प्रश्न विचारायचे आणि उत्तर चुकलं की बटण दाबून विजेचा झटका द्यायचा, दर वेळी आधीपेक्षा मोठा. वीज नव्हतीच. पलीकडे आमचे हे गृहस्थ ओरडायचे, विनवायचे, शेवटी गप्प व्हायचे. इकडे सर एवढंच म्हणायचे, “पुढे चालू ठेवा.” बहुतेक जण चालू ठेवायचे. सगळं संपल्यावर सरांनी हाक मारली की हे बाहेर येणार. हाकेशिवाय यायचं नाही, असा नियम होता.

बातमीसाठी गेलो तेव्हा मी त्यांना विचारलं, वाईट वाटत नाही का?

“वाटतं की. एक तरी उठंल म्हणून मी जरा जास्तच वरडतो.”

एका दुपारी आटपाडीकडचा एक तरुण होमगार्ड आला. घाम पुसत, जाऊ द्या की सर, असं पुन्हा पुन्हा म्हणत त्याने शेवटचं बटण दाबलं. पलीकडे शांतता झाली. तेवढ्यात प्राचार्यांचा शिपाई आला, साहेबांनी ताबडतोब बोलावलंय. सर ताबडतोब गेले. हे आत हाकेची वाट बघत बसले. सर परतले तेव्हा होमगार्डची खुर्ची रिकामी होती.

सर हादरले. त्याला पत्र टाकतो म्हणाले. पण आधी प्राचार्यांना विचारतो, तोवर थांबा, असंही म्हणाले. हे थांबले नाहीत.

“त्यो पोरगा मला मारून गेलाय सर. पत्रानं काय हुतंय?”

सरांकडून पत्ता घेऊन दुसऱ्या दिवशी सकाळीच ते एस.टी.त बसले. शेजारी मी.

घर आटपाडीच्या बाहेर, रानातल्या वस्तीवर होतं. आल्यापासून पोरगा जेवला नाही, बोलत नाही, असं त्याची आई दारातच सांगू लागली. पोरगा बाहेर आला तो इस्त्रीचे कपडे घालून. गुन्हा कबूल करायला पोलीस ठाण्यात निघाला होता.

यांनी मनगटं पुढे केली. “बघ, हाय की मी.”

पोरगा मागे सरकला. “कॉलेजनं दुसराच माणूस धाडलाय,” तो माझ्याकडे बघत म्हणाला. “त्यो मेला. मी ऐकलंय.”

त्याचं बरोबर होतं. त्याने चेहरा कधी पाहिलाच नव्हता, फक्त आवाज ऐकला होता.

हे जरा लांब, बांधावर जाऊन उभे राहिले. घसा खाकरला आणि ओरडले, “सोडा मला. सर, छातीत कळ येतीया, सोडा.”

पोरगा मटकन खाली बसला. 

“तुमीच की वो काका,” तो म्हणाला. “लय वाईट वरडता तुमी.”

“तू दाबत हुतास रं गड्या. मी काय गाणं म्हणू?”

आईला काहीच कळलं नव्हतं, पण पोरगा हसलेला पाहून ती भाकरी टाकायला आत गेली.

कॉलेजात ते पुन्हा ओरडायला गेले नाहीत. पुढे नोकरी सोडून वडूजला परतले आणि तिथेच वारले. मला ते आठवतात ते त्या बांधावर. ती ओरड ऐकून आजूबाजूच्या रानांतून माणसं धावत सुटली होती. एक म्हातारा हातातलं खुरपं न टाकताच पळत होता, त्याच्यामागे पदर खोचलेल्या दोघी. त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. काही झालं नाही, असं हे हात हलवून सांगत होते, पण तोंडाने एक शब्द काढत नव्हते. ती माणसं पार जवळ येईपर्यंत यांनी त्यांना येऊ दिलं.