मुंग्यांचं इंग्रजी

राजारामपुरीतल्या त्या इंग्रजीच्या क्लासात वयानं मीच सगळ्यांत मोठी होते. मी नर्स आहे. परदेशातल्या दवाखान्यात नोकरी हवी तर इंग्रजीची परीक्षा द्यावी लागते, आणि त्यातल्या तोंडी परीक्षेत परीक्षक पेशंट होतो, आपण नर्स. म्हणून ड्युटी संपली की युनिफॉर्म न बदलताच मी क्लास गाठायचे.

सर तिशीतले, कडक इस्त्रीचे, फाडफाड बोलणारे. आमचं सगळं घोडं वाक्प्रचारांवर अडलंय असं त्यांचं मत. "गोरा पेशंट सरळ बोलत नाही," ते बजावायचे. एकदा त्यांनी मला पुढं बोलावलं, स्वतः पेशंट झाले आणि घसा धरून म्हणाले, "सिस्टर, आय हॅव अ फ्रॉग इन माय थ्रोट."

घशात बेडूक. शब्द तर सगळे कळले, आणि तिथंच पंचाईत झाली. पोरांनी गिळलेली नाणी, म्हाताऱ्यांच्या घशात अडकलेली कवळी, हे सगळं मी पाहिलेलं. मी म्हटलं, "ओपन युवर माउथ, प्लीज."

वर्ग खो खो हसला. सरांनी डोळे पुसले. "मॅडम, बेडूक म्हणजे आवाज बसलाय. तुम्ही काय चिमट्यानं काढणार होता?"

"मला कळलं न्हाय सर, म्हणून बघायला गेलो."

"गेलो? बाई आहात ना तुम्ही?"

आमच्या आजऱ्याकडं बायकाही स्वतःबद्दल आलो, गेलो असंच म्हणतात. माझी आई तशी बोलते, मीही बोलते. सर म्हणाले, "आधी मराठी तर धड बोला." पुन्हा हशा.

बेडकाचं मला काही वाटलं नव्हतं. आईच्या बोलीला हसले तेव्हा मात्र टाळकं सरकलं. मी म्हटलं, "सर, आता मी पेशंट. तुम्ही नर्स." आणि आमच्या वार्डात रोज ऐकू येतं ते शब्दाला शब्द लावून इंग्रजीत सांगितलं. "माय बॉडी इज ब्रोकन अँड कम. क्रोज आर शाउटिंग इन माय स्टमक."

सर म्हणाले, "हे काय इंग्रजी झालं?"

"अंग मोडून आलंय आणि पोटात कावळे ओरडाय लागल्यात. तुमचा बेडूक चालतो, मग माझ्या कावळ्यांनी काय घोडं मारलंय?"

"परीक्षा त्यांची आहे मॅडम, तुमची नाही," सर म्हणाले. "आणि सगळ्यांनी ध्यानात ठेवा. कळलं नाही तरी कळल्यासारखं दाखवायचं. मान हलवायची, येस येस म्हणायचं. म्हणजे काय असं विचारलंत की मार्क गेले."

हे काही मला पटेना. वार्डात एखादी म्हातारी म्हणते, "जीव खालीवर हुतोय बाई." एकीचा जीव दम लागल्यानं खालीवर होत असतो, दुसरीचा लेक भेटायला आला नाही म्हणून. नुसती मान हलवून मी पुढं गेले तर एखादी हातची जायची. सीमेकडचे पेशंट तर निम्मं कानडी बोलतात. मी खाट सोडत नाही. "कुठं हुतंय? हात लावून दाखवा बघू," म्हणते.

घरी नवऱ्याला सांगितलं. तो म्हणाला, "परीक्षेपुरतं सर सांगत्यात तसं कर की."

"आणि तिकडं गेल्यावर?"

"मग कर तुझ्या मनाचं. न्हायतरी करणारच हायस."

परीक्षेत पेशंट झालेल्या बाई पन्नाशीच्या असतील. म्हणाल्या, सकाळपासून डाव्या पायात पिन्स अँड नीडल्स आहेत. टाचण्या आणि सुया. सरांनी हा वाक्प्रचार शिकवला होता, त्याचा अर्थ जिवाची घालमेल. पण घालमेल पायात कशी होईल? येस म्हणून धीर द्यायचा रस्ता मोकळा होता. तरी मी म्हटलं, "मला कळलं नाही. पायात काही घुसलंय का? कुठं ते दाखवाल?"

बाईंनी वाकून तळव्याकडं बोट केलं. "घुसलं काही नाही. पायावर फार वेळ बसल्यावर होतं ना, तसं."

"मुंग्या!" मी मराठीतच ओरडले. मग सावरून इंग्रजीत सांगितलं, आमच्या भाषेत पायाला मुंग्या येतात.

परीक्षकांनी हसायचं नसतं बहुतेक, पण त्यांचे ओठ हलले. मग मी कामाला लागले. शुगर आहे का, जखम झाली होती का, चप्पल घट्ट होते का, बोट लावलं तर कळतं का.

सरांना हे सांगितल्यावर त्यांनी कपाळावर हात मारला. "परीक्षेत मुंग्या? संपलं!"

संपलं नाही. लेखी थोडक्या मार्कांनी गेलं, पण तोंडीत मी चांगल्या मार्कांनी पास झाले. आठवडाभरात सरांचा फोन आला. तोंडीत पास झालेल्यांचा फ्लेक्स करायचा होता, माझा फोटो हवा होता.

मी म्हटलं, "लावा की. फक्त खाली लिहा, कळलं नाही तर विचारा."

"असं कोण लिहितं मॅडम?"

"मग फोटो न्हाय."

फ्लेक्स लागला, माझ्याशिवाय. लेखी पुन्हा द्यायचंय, म्हणून त्याच क्लासात जाते आणि पुढच्या बाकावर बसते. काही कळलं नाही की हात वर करते. सर उसासा टाकतात. टाकू देत.