किल्लीवाल्या काकांचा ठिपका

पाहणीवाल्या ताई घरोघर जाऊन एकच प्रश्न विचारायच्या, "अडीअडचणीला तुम्ही कोणाला हाक मारता?" शहर 'स्मार्ट' करायचं म्हणून कोण कोणाशी जोडलेलं आहे याचा नकाशा संगणकावर काढायचा होता. माणूस म्हणजे ठिपका, ओळख म्हणजे रेघ. पंधरा वर्षं ताईंनी नुसती डोकी मोजली होती. हे काम त्यांना मनापासून आवडलं.

पुलालगतच्या वस्तीत एक्केचाळीस घरांनी एकच उत्तर दिलं. किल्लीवाले काका.

काकांची टपरी पुलाच्या जिन्याशी, वस्तीतल्या इमारतींच्या दारासमोरच होती. धंदा किल्ल्या करून देण्याचा, पण एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसांनी आपली जादा किल्ली त्यांच्याकडे ठेवली होती. सकाळी कोणी खाली उतरलं नाही, की काका दुकान तसंच उघडं टाकून वर बघून येत.

"तुमचा फोन नंबर सांगा," ताई म्हणाल्या.

"मला कशाला फोन? ज्याला मी लागतो, तो मला इथंच गाठतो."

ताई हसल्या आणि रकाना रिकामा सोडला. तिथंच माशी शिंकली. ज्या नावापुढे नंबर नाही, ती नोंद संगणक घेतच नव्हता. महिन्याभरानं नकाशा आला, त्यात जिन्याची जागा मोकळी दिसत होती. तिथे कॅमेऱ्याचा खांब ठरला आणि टपरीला नोटीस गेली.

ताई त्या एक्केचाळीस घरांच्या पाहणी-अर्जांचा गठ्ठा घेऊन पालिकेतल्या साहेबांकडे गेल्या. साहेबांनी सगळे अर्ज चाळले.

"तुमचं म्हणणं पटतंय हो मला. पण निविदा निघालीय. आता माझ्या हातात काही नाही."

"मग कोणाच्या हातात आहे?"

साहेबांनी वरच्या कचेरीचा पत्ता दिला. वरच्या कचेरीनं त्यांना पुन्हा साहेबांकडेच पाठवलं. तीन हेलपाटे झाले, तेवढ्यात टपरी उचललीसुद्धा. काकांनी घरोघर जाऊन ज्याची किल्ली त्याला परत केली आणि ते शहराच्या दुसऱ्या टोकाला लेकीकडे राहायला गेले.

पावणेदोन महिन्यांनी तिसऱ्या मजल्यावरचे निवृत्त मास्तर न्हाणीघरात पडले. दार तिसऱ्या दिवशी फोडलं. खांबावरच्या कॅमेऱ्यात जिन्यानं चढणारी-उतरणारी सगळी माणसं टिपलेली होती. न उतरलेलं माणूस त्याला कसं दिसणार?

ताई हे सांगायला काकांकडे गेल्या. लेकीनं पाणी दिलं. काका ऐकून घेत राहिले. मग म्हणाले, "किल्ली मी त्यांच्या हातातच दिली होती. नको म्हणत होते. मीच म्हटलं, ठेवा."

"तुमचा काय दोष काका? रकाना मी रिकामा सोडला."

"मास्तर आहेत ना?"

"आहेत. पण बोलता येत नाही."

काकांनी मान हलवली. लेक आतून दोनदा डोकावून गेली.

"तो नकाशा दुरुस्त करता येईल का?" काकांनी विचारलं.

"पुढच्या पाहणीत."

"ती कधी?"

"पाच वर्षांनी," ताई म्हणाल्या आणि खाली बघत बसल्या.