काकींची उरलेली गोळी

काकींनी औषधाचं पाकीट कधी पुरतं संपवलं नाही. डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्यांतल्या निम्म्या घ्यायच्या, आणि लघवीची जळजळ थांबली की उरलेल्या कात्रीने कापून श्रीखंडाच्या रिकाम्या डब्यात टाकायच्या. "बरा वाटला ना? मगे आणखी कित्याक खायची? दुसऱ्या कोणाक होतील," असं त्या म्हणत. उरलेली भाकरी टाकवत नाही, तशी त्यांना गोळीही टाकवत नसे.

मुलुंडच्या आमच्या बिल्डिंगमध्ये त्या माझ्या समोरच्या दारात राहायच्या. मालवणकडच्या. बोलणं फटकळ, हात सढळ. मजल्यावरच्या कुठल्याही बाईने दारात उभं राहून नुसतं "काकी, जरा जळजळतंय" म्हटलं की पुढचा प्रश्न नाही. डबा यायचा, पेलाभर पाणी यायचं. "घे गो बाय. कोणाक सांगू नको." बायका त्यांच्याकडेच का जायच्या, हे न कळायला मी काही परकी नव्हते. नाक्यावरचा डॉक्टर पुरुष. दवाखान्यात एक पडदा, आणि पडद्याबाहेर अर्धी सोसायटी बसलेली. शेजारचा केमिस्ट तर चिठ्ठी न बघताच सुट्या दोन गोळ्या कागदात बांधून द्यायचा.

पण राग यायचाच. मी काकींना मुद्देसूद सांगितलं होतं. एक, प्रत्येकीची जळजळ सारखी नसते; आधी लघवी तपासायची. दोन, बरं वाटलं म्हणजे जंतू संपले असं नाही; डॉक्टर सांगतील तेवढे दिवस गोळ्या घ्यायच्याच. तीन, अर्धवट औषधातून वाचलेले जंतू निगरगट्ट होतात, मग तीच गोळी त्यांना लागू पडत नाही. काकी लसूण सोलत ऐकत होत्या. म्हणाल्या, "तू मास्तरीण कित्याक नाय झालंस गो?"

हे दुखणं त्यांच्या मागे लागलं कुठून, तेही ऐका. काकांची गिरणी बंद पडल्यावर त्या एका कारखान्यात पॅकिंगला जात. बायकांसाठी संडास एकच, त्याला कुलूप, आणि किल्ली सुपरवायझरच्या खिशात. मागायला गेलं की तो सगळ्यांसमोर विचारायचा, "परत?" म्हणून बायका कामावर पाणीच प्यायच्या नाहीत. काकी त्याची नक्कल करून हे हसत सांगायच्या. मला कधीही हसू आलं नाही. अजून त्या माणसाचं तोंड फोडावंसं वाटतं.

गेल्या वर्षी काकींना थंडी वाजून ताप आला, पाठीत एका बाजूला ठणका. मुलाला सांगितलं, "कंबर धरली." त्याने बाम आणून दिला. मला कळलं तेव्हा त्या पांघरुणात कुडकुडत होत्या आणि त्याच जुन्या गोळ्या चालू होत्या.

"मुलाला खरं का नाही सांगितलंत?" मी ओरडलेच.

"झिलाक ह्या कसा सांगू गो? लाज नाय?"

हॉस्पिटलात लघवीचा रिपोर्ट आला. जंतू मूत्रपिंडापर्यंत पोचले होते आणि नेहमीचं एकही औषध त्यांच्यावर चालत नव्हतं. शिरेतून भारी औषध सुरू झालं. काकींनी नर्सला विचारलं, "ह्यातला उरला तर बाजूच्या म्हातारेक घालशील?" नर्स हसली, आम्हीही हसलो. मग संसर्ग रक्तात पसरला आणि काकी गेल्या. स्मशानातून परतलेला मुलगा मला म्हणाला, "मावशी, वय झालं होतं ना तिचं." वय! मी दार लावून घेतलं.

परवा त्यांच्या सुनेला घेऊन मी लॅबमध्ये गेले. काउंटरवरच्या माणसाने विचारलं, "कसली टेस्ट?" ती काहीतरी पुटपुटली. त्याने पुन्हा विचारलं. ती ओढणीशी चाळा करत माझ्याकडे बघायला लागली.

"लघवीची," मी शेवटच्या बाकापर्यंत जाईल अशा आवाजात म्हणाले. "कल्चर करायचंय. हिला जळजळ होते."

"मावशी, हळू ना! लोक बघतायत."

"बघू देत. तुझी सासू हळूच बोलायची."