आईसाठी आणलेला टेप विमानतळावरच राहिला

मंडळी, आज परभणीत मोबाईलची किंमत ऐकून मी चमकलो. दुकानदार म्हणाला, "दुबईत हाच लय स्वस्त हाय. इथं कर लागतो ना!" माझं डोकंच फिरलं.

सत्त्याऐंशी साली कुवेतला कामाला असलेला माझा भाऊ आमच्या गावी, पेडगावला आला. आईला वाचता येत नव्हतं. तिकडून कॅसेटवर बोलून पाठवावं म्हणून त्यानं तिच्यासाठी टेपरेकॉर्डर घेतला होता.

मुंबईच्या विमानतळावर कस्टमचा साहेब म्हणाला, "चैनीची वस्तू आहे. कर भरा." कर कुवेतमधल्या किमतीहून जास्त! भावानं टेप तिथंच सोडला.

आई एवढंच म्हणाली, "मला गाणी कुठं ऐकायची व्हती? तुझा आवाज पायजे व्हता."

त्याच्या पुढच्या खेपेआधीच ती गेली.

लेकाचा आवाज ऐकणं ही चैन, हे ठरवलं कुणी? सांगा ना!