मास्तरांनी पुसलेलं चित्र

परवा माळा आवरताना टर्पेंटाइनची जुनी बाटली हाती लागली, बूच उघडलं आणि त्या वासासरशी माझे चित्रकलेचे मास्तर समोर उभे राहिले. ऐंशीच्या दशकात रत्नागिरीत ते वारलेल्या माणसांच्या तसबिरी रंगवायचे. पासपोर्टएवढ्या फोटोवर पेन्सिलीने बारीक चौकटी आखायच्या आणि एकेक चौकट मोठी करत कॅनव्हासवर उतरवायची, हीच त्यांची विद्या, आणि तीच ते मला शिकवत. बोटीवर नोकरीला असलेल्या माझ्या मामाने अमेरिकेतल्या एका चित्रकाराचं इंग्रजी चरित्र आणलं होतं. दुपारी पत्र्याच्या पडवीत बसून मी ते त्यांना मराठीत सांगायची. त्या माणसाने वीस वर्षं गुरूकडे हुबेहूब चित्रं गिरवली आणि एके दिवशी सगळं सोडून नुसते रंग ओढायला घेतले, हे ऐकून मास्तर हळूच म्हणाले, “आणि गुरू काय बोलला नाय?” पुढच्या आठवड्यात मी गेले, तर कॅनव्हासवर एकही चौकट नव्हती. नुसता ओला राखाडी रंग, आणि मधोमध विटक्या हिरव्याचा एक लांबट डाग. मला हसूच फुटलं. “मास्तर, हे काय हो?” ते खाली बघत म्हणाले, “आमची मंडळी. लुगडं तसलं होतं. गेली तेव्हा फोटोच नव्हता गो तिचा.” आणि त्यांनी टर्पेंटाइनमध्ये बोळा बुडवून सगळं पुसून टाकलं. पुढे मास्तर गेले, तेव्हा त्यांची तसबीर मीच रंगवली. फोटोवर चौकटी आखून. सगळे म्हणाले, हुबेहूब.